मास्तर पाण्यात उतरले

पास्टरांच्या प्रवचनातलं एक वाक्य मंडळीला तोंडपाठ होतं. ते जवळ आलं की लोक आधीच हसायला तयार होऊन बसत. "चमचाभर पाण्यात चहा होत नाही," असं म्हणून पास्टर थांबत. मग पहिल्या रांगेतला वेल्डर, ज्याला दुसऱ्याचं वाक्य दुसऱ्याला पुरं करू द्यावं हे जन्मात कळलं नाही, ओरडे, "नवा जन्म काय होणार!" आणि सगळं गॅरेज हसून, टाळ्या वाजवून, हालेलुया म्हणून मोकळं होई.

गॅरेज म्हणजे खरोखरचं गॅरेज. पूर्वी इथे ट्रक दुरुस्त होत. मंडळीने जागा घेतली, भिंतींना पांढरा रंग दिला, पंखे टांगले, पण मधोमध तो खड्डा राहिलाच, ज्यात उभं राहून मेकॅनिक गाडीच्या पोटात हात घालायचा. बुजवावा की ठेवावा यावर सभा भरत राहिल्या. तेवढ्यात वेल्डरने कोणाला न विचारता खड्ड्याला आतून लोखंडी पत्रा लावला, सांधे वेल्ड केले, निळा रंग फासला आणि एका टोकाला शिडी बसवली. झाला बाप्तिस्म्याचा हौद. एरवी त्यावर फळ्या टाकलेल्या असत आणि फळ्यांवर ड्रमवाला बसे. बाप्तिस्म्याच्या रविवारी फळ्या उचलल्या की कोमट पाण्याबरोबर ग्रीसचा वास वर येई. पास्टर म्हणत, हा आपल्यातल्या जुन्या माणसाचा वास आहे, त्याला आतच सोडून यायचं. त्यांना असं काहीबाही झटकन सुचायचं. तोंड हीच त्यांची इस्टेट होती.

त्यांच्या वडिलांची इस्टेट म्हणजे गळा. वडिलांना सगळे मास्तर म्हणत. शहराच्या दुसऱ्या टोकाला जुनं दगडी चर्च होतं, तिथला गायकवृंद मास्तरांनी हयातभर चालवला. त्या चर्चमध्ये कोणी टाळ्या वाजवत नसे, कोणी प्रार्थनेच्या भरात स्वतःलाही न कळणाऱ्या अन्य भाषा बोलत नसे, पवित्र आत्मा आला म्हणून कोणी जमिनीवर पडत नसे. तिथे तान्ह्या बाळाच्या कपाळावर तीन थेंब पाणी घालत आणि त्याला देवाच्या घरचं करून घेत. पास्टरांचंही तसंच झालं होतं, मास्तरांच्या हातांवर असताना. पुढे कॉलेजच्या वयात पास्टर नदीकाठच्या तंबूतल्या सभेला गेले, तिथे ढसाढसा रडले, नदीत पूर्ण बुडून वर आले आणि ओल्या केसांनीच घरी येऊन बापासमोर उभे राहिले.

मास्तरांनी विचारलं, "मग मी तुला हातात धरून जो बाप्तिस्मा करवला, तो काय होता?"

पोरगा म्हणाला, "ती आंघोळसुद्धा नव्हती, बाबा."

बोलून बसला. तिथून जे बिनसलं ते बिनसलंच. बापलेक एकमेकांना पाण्यात पाहू लागले, आणि त्यांच्या बाबतीत हे अक्षरशः खरं होतं. लग्नकार्यात भेटत, तब्येतीची चौकशी करत, हवापाण्यावर बोलत, त्यातही पाण्यावर जरा कमीच. चहाच्या चमच्याचं ते वाक्य पास्टरांनी त्याच काळात तयार केलं होतं. मंडळी हसत असली तरी ते मंडळीसाठी नव्हतंच. दगडी चर्चमध्ये पाठमोरा उभा राहून हात हलवणाऱ्या एका माणसासाठी होतं.

मग मास्तरांच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी जीव वाचवला आणि आवाजाची पेटी काढून टाकली. आता मास्तरांना नाकाने श्वास घेता येत नव्हता, तोंडानेही नाही. मानेच्या मुळाशी, दोन हाडांमधल्या खळग्यात, शर्टाच्या बटणाएवढं भोक होतं. सगळा श्वास तिथूनच आत जाई, तिथूनच बाहेर येई, खोकलाही तिथूनच निघे. आवाज तर गेलाच होता. साधी फुंकर मारून मेणबत्ती विझवणंही राहिलं नव्हतं. भोकावर मऊ कापडाचा तुकडा बांधलेला असे, तान्ह्या मुलाच्या लाळेऱ्यासारखा.

मास्तर एकटे राहत होते. त्यांना घरी आणलं ते सूनबाईने, नवऱ्याला न विचारता. पास्टरबाई असं सगळे तिला म्हणत. ती रोज सकाळी सासऱ्यांना खिडकीत बसवून भोकातली नळी काढायची, बारीक ब्रशने धुवायची आणि परत बसवायची. दवाखान्यातून निघताना डॉक्टरांनी तिला बजावलं होतं, बाकी कशाला घाबरू नका, फक्त पाण्याला घाबरा. नाकातोंडात पाणी गेलं तर माणूस ठसकतो, वेळ मिळतो. इथे अडवायला काहीच नाही. घोटभर पाणी आत गेलं की थेट फुप्फुसात.

मास्तर गॅरेजमध्ये येऊ लागले. पहिल्या रविवारी ते शेवटच्या रांगेत बसले होते, आणि पास्टरांच्या लक्षात यायच्या आत चमच्याचं वाक्य तोंडातून निघून गेलं. वेल्डरने आपला वाटा उचलला. गॅरेज हसलं. पास्टरांनी मागे बघितलं तर सगळ्यांबरोबर मास्तरही टाळ्या वाजवत होते. त्या दिवशीचं उरलेलं प्रवचन पास्टरांनी कसंबसं उरकलं.

पण मास्तरांना तिथे करमलं. दगडी चर्चमध्ये ते परत गेले होते एकदा. गाणं सुरू झालं तेव्हा सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या, कीव करत. इथे सगळे एकदमच मोठ्याने प्रार्थना करत, कोणाचं कोणाला ऐकू येत नसे, आणि त्या कल्लोळात ओठ हलवणाऱ्या म्हाताऱ्याकडे बघायला कोणाला सवड नव्हती.

आणि मग एका सकाळी चहाच्या टेबलावर मास्तरांनी त्यांची छोटी पांढरी पाटी पुढे ओढली. पेनने लिहिलं आणि मुलाकडे फिरवली: "माझा बाप्तिस्मा कर. पूर्ण पाण्यात."

पास्टरांना आनंद झाला. हे सांगायलाच हवं, कारण पुढे त्यांना त्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटली. नळी, भोक, डॉक्टर, यातलं काही त्यांच्या मनात आलं नाही. मनात आलं ते एवढंच: आले. शेवटी आले. तोंडातून निघालं, "प्रभूची स्तुती असो." आणि फाटकाची कडी दुरुस्त करायला आलेला वेल्डर नेमका दारात उभा होता. त्याने पाटी वाचली, हात वर केले, आणि कडी तशीच सोडून निघून गेला. संध्याकाळपर्यंत सगळ्या मंडळीला कळलं होतं की येत्या रविवारी मास्तर पाण्यात उतरणार.

पास्टरबाईने रात्रीची भांडी होईपर्यंत वाट पाहिली. मग हात पुसत म्हणाली, "तुम्ही हो म्हणालात?"

"हो नाही म्हटलं. स्तुती असो म्हटलं."

"वेल्डरला त्यातला फरक कळतो का?"

पास्टर पुसलेली ताटं फळीवर रचू लागले.

"एक सांगते, नीट ऐका. बाबांना पाण्याखाली नेलंत तर त्यांना वर काढायला मी उतरेन. तुम्हाला नाही काढणार."

ती सहसा अशी बोलत नसे. पास्टर म्हणाले, "मी उपवास करतो. प्रार्थना करतो. काही मार्ग दिसेल."

"करा. पण मार्ग दिसला नाही तर नाही म्हणायला जेवलं नसलं तरी चालतं."

पास्टरांनी उपवास धरला. गॅरेजच्या मागच्या खोलीत दार लावून गुडघ्यांवर बसले. एरवी अशा वेळी त्यांना एखादं वचन आठवायचं, छातीत ऊब यायची, जीभ आपोआप सुटायची. या वेळी नुसती भूक लागली. आणि लोक येत राहिले. वेल्डर तर रोज यायचा. त्याच्या डोळ्यात एकदा ठिणगी गेली होती, दृष्टी जाणार असं ठरलं होतं, आणि पास्टरांनी हात ठेवून प्रार्थना केल्यावर डोळा वाचला होता. तेव्हापासून त्याचा विश्वास पास्टरांपेक्षाही दांडगा होता.

"पास्टर," तो म्हणाला, "समुद्र दुभंगला तेव्हा लोक कोरडे पार गेले. मास्तरांच्या गळ्यात एक थेंब जाणार नाही. मी सगळ्यांना सांगितलंय."

"सगळ्यांना म्हणजे?"

"बाहेरचेही येणार आहेत. बघायला." तो हसला. "तुम्हीच म्हणता ना, विश्वास ठेवायचा तर काठावर बसून ठेवू नये."

पास्टरांनी खरंच ते म्हटलं होतं. त्या आठवड्यात त्यांना कळून चुकलं की आपण आजवर जे जे बोललो ते एकेक करून दारात येऊन उभं राहतंय. थेंब शिंपडून भागवावं तर चमचा आडवा येत होता. नको म्हणावं तर काठ. प्रकरण गळ्याशी आलं होतं आणि गळा दुसऱ्याचा होता.

शनिवारी दुपारी त्यांनी ठरवलं, नाही म्हणायचं. मंडळी तुटली तर तुटली. ते घरी आले. पास्टरबाई बाप्तिस्म्याच्या पांढऱ्या झग्यांच्या काठात शिशाचे मणी शिवत होती, पाण्यात झगा वर तरंगू नये म्हणून. मास्तर शेजारी बसून तिला मणी देत होते. पास्टर समोर बसले.

"बाबा, नाही जमायचं. डॉक्टरांनी नको म्हटलंय. तुमच्या जिवाशी खेळ नको."

मास्तरांनी मान हलवली. त्यांना ते ठाऊकच होतं. त्यांनी पाटी घेतली, लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. मग फिरवली.

"चमच्याचं बोलतोस ते खरं ना?"

पास्टर म्हणाले, "बाबा, ते आपलं प्रवचनात..."

मास्तरांनी हात वर केला. गायकवृंदाला थांबवायला करत तसाच. पुन्हा लिहिलं. या वेळी लिहायला वेळ लागला, अक्षर बारीक झालं.

"खरं असेल तर मी बाहेर राहीन. तू आत, सूनबाई आत. मी म्हातारपणी एकटा बाहेर नको. जीव गेला तरी चालेल. मला तुमच्याबरोबर यायचंय."

पास्टरबाईची सुई थांबली. पास्टर पाटीकडे बघत राहिले. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, बाबा आपल्यावर रागावलेत. बाबा रागावले नव्हते. बाबांनी आपला शब्द खरा मानला होता. घरी, अंथरुणावर, दगडी चर्चमध्ये गाताना, हा माणूस मनात धरून होता की मुलाच्या म्हणण्याप्रमाणे आपण देवाच्या दाराबाहेर आहोत.

तेव्हा बोलायचं होतं ते फार नव्हतं. बाबा, तसं नाही. मी चुकलो. संपलं असतं. पण एवढं म्हणायचं म्हणजे नदीपासून आजपर्यंतचं सगळं आयुष्य तोंडातून बाहेर काढून टेबलावर ठेवायचं. शब्द जिभेवर आले आणि तिथेच बसले. ज्यांच्या तोंडाला कधी कुलूप लागलं नव्हतं ते पास्टर बोलले, पण जे बोलले ते भलतंच होतं.

"पाणी अर्धंच भरू. कमरेएवढं. तुम्ही आत गुडघ्यांवर बसा, छातीपर्यंत येईल. वरून मी डोकं भिजवेन, गळा मी हाताने झाकेन. सगळं अंग ओलं झालं की झालं."

मास्तरांचा चेहरा उजळला. पास्टरबाईने सुईत दोरा ओवला आणि नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "हाताने हवा अडते. पाणी अडत नाही." पण छातीपर्यंतचं पाणी तिने नाकारलं नाही. पास्टरांनी वेल्डरला बोलावून सांगितलं, पाणी अर्धंच हवं. वेल्डरने मान डोलावली.

रविवारी पास्टर गॅरेजमध्ये शिरले तेव्हा बसायला जागा नव्हती. फळ्या उचललेल्या होत्या. हौद काठोकाठ भरलेला होता. दिव्यांचा उजेड त्यात हलत होता आणि ग्रीसचा वास आज जरा जास्तच येत होता.

"दादा, अर्धा सांगितला होता," पास्टर खालच्या आवाजात म्हणाले.

"अर्धा विश्वास कशाला, पास्टर?" वेल्डर तितक्याच खालच्या आवाजात म्हणाला. "रात्री प्रार्थनेत मला स्पष्ट सांगितलं गेलं. भर. मी भरला."

उपसायला तास गेला असता. गाणं सुरू झालं होतं. पास्टरांनी पास्टरबाईला शोधलं. ती मागच्या खोलीत बाप्तिस्मा घेणाऱ्या इतरांचे झगे बांधत होती. तिला बोलवावं, सभा थांबवावी, असा विचार मनात येतो न येतो तोच शिडीचा आवाज झाला. मास्तर स्वतःच खाली उतरत होते. पांढरा झगा, हात शिडीच्या दांड्यावर, पाय चाचपडत. लाळेरा त्यांनी काढून ठेवला होता. गळ्यातलं ते काळं भोक सगळ्यांना दिसलं आणि गॅरेजभर कुजबुज उठली.

पास्टर कपड्यानिशी पाण्यात उतरले आणि वडिलांना दंडाला धरलं. मास्तर वयाने खुजे झाले होते. पास्टरांच्या छातीला लागणारं पाणी त्यांच्या खांद्यांना लागत होतं. भोक आणि पाणी यांच्यात चार बोटांचं अंतर होतं, आणि कोणी हललं की लाट येऊन त्यातली दोन बोटं खाऊन जाई. पास्टरांना वडिलांच्या श्वासाची शिट्टी ऐकू येत होती. मास्तर मात्र हसत होते.

"बाबा, हलू नका," पास्टर पुटपुटले.

वर मंडळी प्रार्थनेला लागली होती. शेकडो आवाज एकदम, वेगवेगळ्या भाषांत, त्याखाली ड्रम घुमतोय, वेल्डर हौदाच्या काठावर गुडघे टेकून हात पसरून ओरडतोय. इतक्या दिवसांच्या उपवासाने पास्टरांचं डोकं हलकं झालं होतं. आपण इथे कशाला आलो, काय करायचं नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. पण त्यांनी या खड्ड्यात इतक्या माणसांना बुडवून काढलं होतं की अंगाला विचारावं लागत नसे. डावा हात पाठीमागे गेला. उजव्या हाताने खांद्यावरचा घडी केलेला रुमाल ओढला. तोंड म्हणू लागलं, "पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने मी..." इथे ते क्षणभर अडखळले, कारण सगळ्यांना ते 'तुझा' म्हणत, आणि बापाला कधी अरेतुरे केलं नव्हतं. त्या अडखळण्यात उजवा हात आपल्या नेहमीच्या कामाला लागला. त्यांनी रुमाल मास्तरांच्या नाकातोंडावर घट्ट दाबला.

नाकातोंडावर. जिथे श्वासच नव्हता.

मास्तरांनी डोळे मिटले आणि अंग मागे सोडून दिलं. पूर्ण. लहान मूल सोडतं तसं. सगळा भार पास्टरांच्या डाव्या हातावर आला, हात खाली गेला, पाणी कानांवर चढलं, मानेभोवती फिरलं, आणि पास्टरांना दिसलं: आपण रुमालाने चोख बंद केलेलं नाक, आणि त्याखाली उघडं, काळं भोक, ज्याच्या काठाला पाणी लागतंय.

त्यांनी हिसडा देऊन त्यांना वर ओढलं. भोकातून फवारा उडाला. मास्तर खोकले, म्हणजे त्यांचं अंग खोकल्यासारखं हिसकलं आणि गळ्यातून घरघर, शिट्टी आणि पाणी एकदम बाहेर आलं. चेहरा निळसर झाला. वर लोकांना वाटलं आत्मा उतरला. "हालेलुया!" कोणी तरी किंचाळलं आणि ड्रम वाढला.

तोवर पास्टरबाई आली होती. ती शिडीने आली नाही, काठावरून सरळ आत उडी टाकली. तिने सासऱ्यांना पुढे वाकवलं, पाठीवर थापा मारल्या, बोटांनी नळी ओढून काढली आणि भोक खाली धरलं. पाणी ठिबकलं. शिट्टी आली. थांबली. पुन्हा आली, आणि मग नीट, एकामागून एक, येत राहिली. पास्टरबाईने नवऱ्याकडे बघितलं. ती रडत होती.

ड्रम थांबला होता. वरच्यांना आता कळलं होतं की हे काहीतरी वेगळं आहे. शांततेत वेल्डरचा आवाज आला, हळू, प्रेमानेच.

"पास्टर, डोकं वर राहिलं. झालं नाही पूर्ण. पुन्हा एकदा घ्यावं लागेल."

मास्तरांनी ते ऐकलं. त्यांनी सुनेचा हात बाजूला केला, अंग ताठ केलं, मुलाकडे वळले आणि मान हलवली. हो. पुन्हा. ओठ निळे होते, हनुवटी थरथरत होती. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि मागे झुकायची तयारी केली.

पास्टरांनी त्यांना दोन्ही हातांनी धरलं. मागून नाही, समोरून, दंडांना.

"नाही," ते म्हणाले. मग मोठ्याने, प्रवचनाच्या आवाजात नव्हे, घरच्या आवाजात, "पुन्हा नाही. बाबांचा बाप्तिस्मा झालेला आहे. तान्हे होते तेव्हा झाला. तीन थेंबांचा. तो पुरा आहे. माझाही तसाच झाला होता, यांच्या हातांवर. तोही पुरा होता. त्याला मी आंघोळसुद्धा नाही असं म्हणालो, आणि तेच तुम्हाला इतकी वर्षं शिकवलं. तुम्हाला हसवलं. ते खोटं होतं."

वेल्डर काठावर गुडघ्यांवरच होता. त्याचा चेहरा पाहवत नव्हता.

"मग आमचं काय, पास्टर?" तो म्हणाला. "आम्ही काय इथे आंघोळ केली?"

"नाही, दादा. तुमचाही खरा. पाणी कमीजास्त होतं, एवढंच."

वेल्डर उठला. गुडघे झटकले. त्याने हौदाकडे, आपल्या वेल्डच्या सांध्यांकडे एकदा बघितलं आणि लोकांमधून वाट काढत बाहेर गेला. त्याच्यामागे त्याची बायको गेली, मग पहिली रांग, मग खुर्च्या सरकण्याचे बरेच आवाज झाले. पास्टरांनी मागे वळून पाहिलं नाही. किती गेले आणि किती राहिले हे त्यांना संध्याकाळी कळणार होतं.

मास्तरांनी डोळे उघडले होते. त्यांना सगळं ऐकू आलं होतं, पण त्यांचा विश्वास बसत नव्हता. पाटी टेबलावर घरी होती. त्यांनी मुलाचा ओला सदरा धरला आणि ओठ हलवले. एरवी असं झालं की पास्टर बायकोकडे बघत, बाबा काय म्हणतात ते ती सांगे. आज ते त्या ओठांकडेच बघत राहिले. मास्तरांनी पुन्हा विचारलं, सावकाश, एकेक शब्द.

मी, चालतो, का?

"चालता, बाबा," पास्टर म्हणाले. "तुम्ही आधीपासून आत आहात. बाहेर मी उभं केलं होतं."

मास्तरांनी मान खाली घातली. त्यांच्या गळ्यातून पुन्हा पाण्याचा एक बारीक ओघळ आला. पास्टरांच्या मुठीत तो रुमाल अजून होता. त्यांनी तो पिळला, उलटून घडी केली, आणि या वेळी गळ्यापाशी धरून हलक्या हाताने ते भोक पुसलं.